वाचकांचे प्रश्न: कणकेला कुठला गळ, गांडुळाला कुठला?

प्रश्न: मी आणि माझा भाऊ दोन महिने झाले दर रविवारी पानशेत रोडच्या बाजूला गळ टाकायला जातोय. कणकेचा गोळा लावतो, पाण्यावर तरंगणारा फ्लोट हलतो, कधीकधी चक्क बुडतो, पण झटका मारला की रिकामा गळ वर येतो. दुकानात सांगितलं होतं मोठा मासा पाहिजे तर मोठा गळ घ्या, म्हणून २/० चं पाकीट आणलं. आणि ते नंबरचं पण काही कळत नाही, ८ नंबर मोठा की २?
(एक वाचक, धायरी)

उत्तर: आधी नंबरचं बघू. साध्या आकड्यात नंबर जितका मोठा तितका गळ छोटा, म्हणजे १० पेक्षा ८ मोठा, ८ पेक्षा ६, असं करत १ पर्यंत यायचं. १ च्या पुढे शून्यवाले सुरू होतात, १/०, २/०, ३/०, आणि तिथे मात्र आकडा वाढला की गळ पण वाढतो. त्यात परत एका कंपनीचा ६ आणि दुसऱ्या कंपनीचा ६ शेजारी ठेवून बघा, सारखे नसतात, त्यामुळे नुसत्या नंबरवर जाऊ नका, पाकीट उजेडात धरून डोळ्यांनी बघून घ्या.

आता तुमचा खरा प्रॉब्लेम. तुम्ही गळ निवडलाय मनातल्या माशाचा, आणि निवडायचा असतो आमिषाचा आणि तोंडाचा. पानशेतच्या बाजूला कणकेला येणार कोण तर रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प). यांच्या जबड्यात दात नसतात, दात असतात घशात, त्यामुळे हा मासा कणीक चावत नाही, ओठाने चाचपतो, आत ओढतो आणि काही टोचल्यासारखं वाटलं की फुंकून टाकतो. रोहूचा खालचा ओठ एकदा जवळून बघा, कडेला बारीक झालर असते, त्या ओठाला सगळं कळतं. त्याच्यापुढे २/० म्हणजे लोखंडाचा आकडाच झाला. तुमचा फ्लोट जो हलत होता तो मासा कडेकडेची कणीक काढून खात होता तेव्हा.

कणकेला ६ किंवा ८ नंबर घ्या, आखूड दांडीचा, तार जरा जाड. मासे हाताएवढेच येत असतील तर १० पण चालेल. छोटा गळ म्हणजे छोटा मासा हे डोक्यातून काढून टाका, चांगल्या ८ नंबरवर दोन-तीन किलोचा रोहू आरामात येतो, फक्त घाई करायची नाही आणि रीळचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरा किती जोर लावल्यावर सुटतो ते, सैल ठेवायचा. बारीक तारेचा स्वस्त गळ मात्र घेऊ नका, माझा एक असाच पाण्यातून वर आला तो सुईसारखा सरळ होऊन, मासा काठापासून हातभर लांब होता, अजून डोळ्यासमोर आहे तो.

दुसरी गोष्ट, गोळा. बहुतेक जण गोळा इतका मोठा आणि घट्ट करतात की गळाचं टोक आणि दांडी यांच्यातली जागा पूर्ण बुजते. मग झटका मारला की टोक कणकेत रुततं, ओठात नाही. गोळा वाटाण्याएवढा ठेवा, फार तर छोट्या बोराएवढा, कणीक मऊ मळा, थोडी शेंगदाण्याची पेंड घाला, आणि टोक अगदी जरासं बाहेर राहू द्या, नाहीतर वर कणकेचा पातळ पापुद्रा असू द्या, इतका पातळ की बोट लावलं तर टोक कळलं पाहिजे. पेंडेचा कडक गोळा लावायचा असेल तर तो गळात खुपसूच नका, गळाच्या वाकाला अर्धा इंच दोरा बांधून त्या दोऱ्यावर गोळा लावा, गळ सगळा मोकळा राहतो, मासा गोळा ओढतो आणि मागोमाग गळ आत जातो.

आणि टोक तपासा, हे कुणीच करत नाही. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकंच टेकवा आणि ओढा. नखात अडकलं तर धार आहे, नुसती रेघ ओढत घसरलं तर तो गळ बोथट आहे. तळाला दगड लागला की दर वेळी हे करून बघा, आपल्या धरणांच्या काठाला दगडच दगड, एका सकाळीत धार जाते.

जाता जाता, धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असते, काठावर विचारूनच बसा.

प्रश्न: माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, भिगवणला मामाकडे गेला की उजनीच्या कडेला चिलापी पकडायचं वेड लागतं. मामा गांडूळ लावून देतात पण गांडूळ निम्मं खाऊन मासा पळतो. गळ कुठला घेऊ? आणि हाताला लागेल याची भीती वाटते.
(एक आई, हडपसर)

उत्तर: ताई, चिलापीचं तोंड लहान, ८ किंवा १० नंबर घ्या, पण इथे दांडी लांब हवी. दांडीवर दोन बारीक काटे कापलेले गळ मिळतात ते गांडुळासाठीच असतात, गांडूळ घसरून खाली गोळा होत नाही. गांडूळ अख्खं लोंबतं ठेवू नका, अर्धं तोडा, दांडीवर मोज्यासारखं चढवा आणि टोकाबाहेर नखभरच शेपूट राहू द्या, मग मासा शेपूट तोडायला आला तरी टोकाशीच येतो. लांब दांडीचा अजून एक फायदा, मासा लागला की मुलाला दांडी धरून गळ काढता येतो, बोटं तोंडात घालावी लागत नाहीत.

हाताच्या भीतीचं म्हणाल तर नोज प्लायरने टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करा. असा गळ बोटात गेला तरी आला तसा मागे निघतो. दोरा ढिला पडू दिला नाही तर मासा पण सुटत नाही. मुलाला सांगा, मागे कोण उभंय ते बघितल्याशिवाय गळ फेकायचा नाही, टोपी आणि साधा गॉगल घालायचा. गांडुळाला वाम पण येते, ती अंगाचा पिळा घालते, ती लागली की मामांना हाक मार म्हणावं.

प्रश्न: पवना नदीत कणकेला मोठ्या सोनेरी खवल्यांचा मासा लागला, बरोबरचे म्हणाले महसीर आहे, सोड. गळ पार घशात गेला होता, ओढून काढला, रक्त आलं, सोडला तर आडवा होऊन वाहत गेला. फार वाईट वाटलं. दुसरा गळ असता तर वाचला असता का?
(एक वाचक, तळेगाव दाभाडे)

उत्तर: वाईट वाटलं हे वाचून बरं वाटलं, कारण हा मासा आपल्या नद्यांचाच आहे. कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली ज्या महसीरला खुद्री नाव दिलं, तो त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. आज लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवून सोडावी लागतात.

हो, दुसऱ्या गळाने फरक पडला असता. सर्कल हुक म्हणून येतो, त्याचं टोक आत दांडीकडे वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन वळला की गळ घशातून घसरत येतो आणि ओठाच्या कोपऱ्यात बसतो. पण याला झटका मारायचा नाही, मारलात तर तोंडातून सरळ बाहेर येणार, नुसता रॉड उचलून सावकाश रीळ फिरवायचा. आपली झटक्याची सवय मोडायला चार-पाच रविवार जातात, जाऊ द्यात.

आणि साधा गळ असेल तर फ्लोट बुडाला की लगेच उचला, चहा पीत रॉड काठीला टेकवून ठेवला की गळ पोटातच जाणार. गेलाच घशात, तर ओढू नका, तंगूस (नायलॉनचा दोरा) तोंडाशी कापा आणि गळ आत राहू द्या, ओढून काढण्यापेक्षा त्यात मासा जगायची शक्यता जास्त असते. म्हणूनच स्टेनलेस स्टीलचा गळ नको, साधा कार्बन स्टीलचा घ्या, तो गंजून झिजतो.

सोडताना हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. पाण्यात त्याला सरळ धरा, तोंड प्रवाह येतो त्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी एक हात आणि पोटाखाली दुसरा, आणि ढकलू नका. कल्ले एका लयीत हलायला लागतात, मग शेपटी एकदा जोरात मारतो आणि स्वतःच हातातून निघून जातो. कधी दोन मिनिटं लागतात कधी दहा, तेवढा वेळ गुडघाभर पाण्यात उभं राहायचं.