लोकसंख्या वृद्ध होत गेली की निवृत्तिवेतनाची व्यवस्था कशी बदलते?

जपानमध्ये जवळपास २९ टक्के लोक ६५ वर्षांवरील आहेत आणि निवृत्तांचे वेतन मुख्यतः आजच्या कमावत्यांच्या वर्गणीतून दिले जाते. त्यामुळे २००४ च्या सुधारणेने प्रश्नच उलट बाजूने मांडला: ठरलेल्या निवृत्तिवेतनासाठी वर्गणी वाढवत नेण्याऐवजी नोकरदारांच्या वर्गणीचा दर टप्प्याटप्प्याने वाढवून २०१७ मध्ये १८.३ टक्क्यांवर (निम्मा वाटा मालकाचा) थांबवला, आणि वर्गणीदार घटतील व आयुर्मान वाढेल त्या प्रमाणात निवृत्तिवेतनातील वार्षिक वाढ महागाईपेक्षा कमी ठेवण्याचे सूत्र घातले. मात्र भाववाढच पुरेशी नसल्याने हे सूत्र २०१५ पर्यंत लागू होऊ शकले नाही. त्या काळात न झालेल्या कपातीचा भार आजच्या तरुणांच्या भावी निवृत्तिवेतनावर सरकला, आणि माझ्या मते हाच या रचनेतील सर्वांत गंभीर अन्याय आहे.