कोलेस्टेरॉल काढल्यावर रिसेप्टर मंदावला, तर

मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने (कोलेस्टेरॉल आपल्या पोकळीत ओढून घेणाऱ्या शर्करावर्गीय रेणूने) पेशीपटलातील कोलेस्टेरॉल काढल्यावर रिसेप्टरचा (बाहेरचे संकेत टिपणाऱ्या पटलातील प्रथिनाचा) प्रतिसाद मंदावला, तर कोलेस्टेरॉल त्या प्रथिनाला थेट चिकटते असा निष्कर्ष लगेच काढू नका; कारण त्याच वेळी पटलाची जाडी आणि तरलताही बदललेली असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टरच्या स्फटिकरचनेत प्रथिनाच्या हेलिक्सांलगतच्या (सर्पिल भागांलगतच्या) खोबणीत बसलेले कोलेस्टेरॉल स्पष्ट दिसले, हे खरे. ऑक्सिटोसिन रिसेप्टरलाही संप्रेरक घट्ट धरण्यासाठी ते लागते. तरीही आधी कोलेस्टेरॉलने भरलेले सायक्लोडेक्स्ट्रिन देऊन, म्हणजे कोलेस्टेरॉल परत पुरवून, प्रतिसाद परत येतो का, ते पाहा. त्यानंतरची, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी, चाचणी कोलेस्टेरॉलच्या आरसा-प्रतिबिंबी रेणूची आहे: तो पटलाचे भौतिक गुणधर्म जवळपास तसेच राखतो, पण प्रथिनावरील नेमकी जागा त्याला सहसा जुळत नाही; म्हणून तो देऊनही प्रतिसाद परत आला नाही, तर कोलेस्टेरॉल थेट चिकटते ही शक्यता बळावते.