युद्ध युरोपात, मग रंगूनहून का पळाल्या?

प्रश्न : आमच्या शेजारच्या ज्यू आजी लहानपणी युद्धामुळे ब्रह्मदेशातून पळून आल्या, असं सांगायच्या. हिटलर तर युरोपात होता. मग त्यांना का पळावं लागलं?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : जपानी बॉम्बमुळे. माझी आई त्याच वाटेने आली, म्हणून हे मी जवळून ऐकलंय. कोकणातली काही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, कुटुंबं नोकरीसाठी ब्रह्मदेशात रंगूनला असत. २३ डिसेंबर १९४१ ला शहरावर बॉम्ब पडले, मार्च १९४२ मध्ये ते जपान्यांनी घेतलं. लाखो भारतीय माणसं निघाली. काही बोटीने, बाकीची डोंगर-जंगलांतून पायी. पटकी आणि हिवतापाने वाटेत हजारो गेले.

आई सात वर्षांची होती. माझ्या आजीने लुगड्याच्या काठात सोन्याच्या पुतळ्या शिवल्या होत्या. तांदळापायी एकेक उसवत गेली. उकळल्याशिवाय ती कुणाला घोटभर पाणी पिऊ देत नसे, आई तहानेने रडली तरी नाही. त्या हट्टानेच सगळी वाचली, असं मला पक्कं वाटतं. अलिबागला पोचल्यावर आधी नवस फेडला, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा : पोहे, गूळ, ओलं खोबरं.

युरोपातल्या ज्यू मुलांचं वेगळं. तिथे ज्यू म्हणूनच वेचून मारलं. मारलेल्या सुमारे साठ लाख ज्यूंत सुमारे पंधरा लाख मुलं होती. दोन्ही एकात मिसळू नका. आणि त्या आजींची मुलं भेटली, तर त्या बोटीने आल्या की पायी, एवढं तरी विचारून लिहून ठेवा.