गावच्या पाण्याचा गढूळपणा ८ एनटीयू आला आहे, प्यावं का?

तुमच्या रिपोर्टात गढूळपणा ८ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), बाकी रकाने ठीक, आणि ग्रामपंचायत म्हणते, "पावसाळ्यात असंच येतं, टीसीएल (जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) टाकतोय, बिनधास्त प्या." हे वाचून राहवलं नाही. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात मी हेच भर ग्रामसभेत ऐकून घेतलंय.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा १ एनटीयू आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५. पावसाळ्यासाठी वेगळी सूट नाही. तसंच्या तसं पिऊ नका.

आमच्याकडे तलावाखालच्या विहिरीचं पाणी टाकीत चढतं. मोठा पाऊस झाला की काळ्या रानातलं पाणी तलावात उतरतं. काळी माती इतकी बारीक की रात्रभर हंडा हलवला नाही तरी सकाळी गढूळच. तिच्या कणांवर एकसारखा ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. तुरटी तो भार मोडते, कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाला बसतात.

त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत लेकरांना जुलाब लागले. पाणी तपासायचं किट आम्हा बायकांना शिकवलेलं होतं. मी एच-टू-एसच्या बाटलीत (पाण्यात घाणीतले जंतू असले की ती काळी पडते) नळाचं पाणी भरून उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटली शाईसारखी काळी. ती तशीच नेऊन ग्रामसभेत टेबलावर ठेवली. सदस्य म्हणजे आमचे चुलत दीरच. ते म्हणाले, "वहिनी, टीसीएल रोज पडतंय, वास येतोय की. उगं गावाचं वातावरण गढूळ करू नका."

पाणी गढूळ आलेलं चालतं, त्यावर बाईनं तोंड उघडलेलं चालत नाही! मी जलसुरक्षकाकडून, म्हणजे गावाचं पाणी बघणाऱ्या माणसाकडून, ओटीची बाटली मागवली, पाण्यात क्लोरीन आहे का ते तपासायची. टाकीजवळच्या नळाचं पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. आमच्या शेवटच्या गल्लीतल्या पाण्याला रंगच आला नाही. टीसीएल पडत होतं हे खरं, पण गाळ आणि त्यातली घाण वाटेतच क्लोरीन खात होती. शिवाय मातीच्या कणांआड जंतू लपतात, तिथवर क्लोरीन पोचत नाही. आधी गाळ बसवायचा, मग टीसीएल. हा क्रम चुकला तर टीसीएलचं पोतं वाया.

पुढं टाकी धुतली गेली, हौदात तुरटी पडायला लागली. भाऊजी मात्र अजून म्हणतात, वास येत होता. येत होता, टाकीजवळ!

या भागात एक वाईट सवय लागलीय. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हापासून कुणी पाण्याबद्दल बोललं की ऐकवतात, येतंय हे नशीब समजा. मला हे मुळीच मान्य नाही. टंचाई होती म्हणून लेकरांना गाळ पाजायचा का?

तुम्ही घरी एवढं करा. हंड्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा, काही तास हलवू नका, वरचं नितळ पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात घ्या. मग खळखळ उकळा, किंवा आशाताई देतात ते क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढं टाकून अर्धा तास थांबा. नुसती तुरटी फिरवून पिऊ नका, तिनं गाळ बसतो, सगळे जंतू जात नाहीत. आणि ग्रामपंचायतीला तोंडी सांगू नका. रिपोर्टाची प्रत जोडून अर्ज द्या, पोच घ्या. टाकीजवळची आणि शेवटच्या नळाची ओटी तुमच्यासमोर करायला लावा.

एक सांगायचं राहिलं. साधारण ४-५ एनटीयूपर्यंतचा गढूळपणा डोळ्याला कळत नाही, म्हणून नुसतं बघून ठरवू नका. आणि नितळ पाणी चांगलंच असतं असंही नाही. बोअरच्या पाण्यात नायट्रेट (खतातून, सांडपाण्यातून झिरपणारा क्षार) असू शकतं, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते तुरटीनं जात नाही, उकळूनही जात नाही. पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. आमचे भाऊजी हल्ली घरच्या बोअरचंच पाणी पितात, काचेसारखं आहे म्हणून. त्याचा रिपोर्ट एकदा काढा, हे मी त्यांना आजही सांगते.