जुन्या पत्रकाचा टाइप

प्रश्न : मालवणच्या आमच्या घरात दशावतारी नाटकाचे जुने हस्तपत्रक सापडले. त्यावर साल किंवा छापखान्याचे नाव नाही. टाइप, म्हणजे छापील अक्षरांचे वळण, कसा ओळखावा?

उत्तर : क, न, म बहुतेक टाइपांत सारखेच दिसतात, म्हणून आधी अ, झ, ण, ल, श ही अक्षरे आणि ५, ८, ९ हे अंक पाहावेत. ‘ल’ मला सर्वांत बोलका वाटतो : मराठी वळणात मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या असतात, तर हिंदी वळणात उजवीकडे सरळ उभा दंड येतो. मग भिंगातून शिरोरेषा तपासावी. शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांच्या ठशांनी, जुळवलेल्या मजकुरात अक्षरांच्या सांध्यावर बारीक फटी दिसतात आणि कागदाच्या पाठीवर बोटाला ठसा लागतो. कोकणच्या दमट हवेत कागद फुगतो, शाई पसरते. त्यामुळे रेषांच्या जाडीवर विसंबू नये, आकारच पाहावा. नाटकाचे ठळक नाव लाकडी खिळ्यांचे किंवा ब्लॉकचे (अख्ख्या एकाच ठशाचे) असू शकते, ते वेगळे धरावे. शेवटी मुंबईच्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या एखाद्या जुन्या ग्रंथाशी हीच अक्षरे ताडून पाहावीत. तो टाइप त्या काळी फार नावाजलेला होता.