इंटरकूलर बंपरमागे की इंजिनावर?

टर्बो पेट्रोल गाडीचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने (एग्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरने) दाबून तापवलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणारा भाग, इंजिनावर असलेला बरा की बंपरमागे, आणि हवा जास्त थंड कोणता करतो, असे आपण विचारले आहे. गाडी वेगात असेल तर बंपरमागचा, यात वाद नाही. परंतु आपण रोज ठाण्याहून लोअर परळला जाता, असेही लिहिले आहे, आणि त्या रस्त्यावर हे उत्तर निम्मेच लागू पडते.

माझी सारी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एअर कॉम्प्रेसरच्या देखभालीत गेली. तीस अंशांची हवा टर्बोने एक बार बूस्टपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाहून एक बार जास्त, दाबली आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण १२५ अंशांवर पोहोचते. या ९५ अंशांच्या वाढीपैकी इंटरकूलर किती उतरवतो, ती त्याची परिणामकारकता. ती ७० टक्के असेल तर इंजिनात जाणारी हवा ५८ अंशांच्या आसपास येते. हा सगळा हिशेब कोअरमधून, म्हणजे इंटरकूलरच्या जाळीदार गाभ्यातून, वारा वाहत असतानाचा आहे. सायनला गाडी उभी राहिली की वारा कुठून आणणार?

नेमके हेच मी आमच्या मेहुण्यांना सांगत होतो. त्यांच्या जुन्या ऑक्टाव्हियाला, १.८ टर्बोला, कंपनीने पुढच्या चाकासमोर बंपरच्या कोपऱ्यात छोटा इंटरकूलर दिलेला होता. एका गॅरेजवाल्याने त्यांना बंपरच्या रुंदीचा कोअर विकला आणि तो थेट एसीच्या कंडेन्सरपुढे (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीपुढे) टांगला. ‘तुम्ही कारखान्यातली माणसं, गाड्यांचं तुम्हाला काय कळणार,’ असे मला भर जेवणात ऐकवण्यात आले. मी वाद घातला नाही. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून शेजारी बसलो. पनवेलच्या पुढे रस्ता मोकळा होताच इनटेकचे, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचे, तापमान खरोखरच छान उतरले आणि मेहुण्यांची मान ताठ झाली. परतताना चेंबूरपासून वाहतूक तुंबली, तेव्हा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा आकडा चढू लागला, एसी कोमट वारा फेकू लागला, आणि इनटेकही तापले. बोनेट उघडल्यावर कारण समोरच दिसले : कोअरच्या दोन्ही बाजूंना तळहात जाईल एवढी फट होती. हवा फिन्समधून (कोअरच्या पातळ पत्र्यांमधून) जाण्याऐवजी सोप्या वाटेने बाजूने निघून जात होती, आणि जी आत शिरत होती ती तापूनच कंडेन्सर व रेडिएटरवर पडत होती. त्या फटी रबरी पट्ट्यांनी बुजवल्यावर फरक पडला, पण त्याचे श्रेय मेहुणे आजही त्याच वेळी बसवलेल्या नव्या पंख्याला देतात.

इंजिनावरच्या इंटरकूलरची उदाहरणे म्हणजे सुबारू डब्ल्यूआरएक्स किंवा आपल्याकडची पहिली तीन लिटरची डिझेल फॉर्च्युनर. बोनेटवरचा तो हवा आत घेणारा स्कूप त्यासाठीच असतो. पाइप आखूड असल्याने दाब कमी वाया जातो आणि बूस्ट लवकर मिळतो. परंतु सिग्नलला उभे राहिले की खालच्या इंजिनाची धग कोअरमध्ये मुरते. डब्ल्यूआरएक्सच्या एसटीआय या वेगवान जपानी आवृत्तीत त्यावर पाण्याचा फवारा होता. मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग कोरड्या हवेपेक्षा थोडा कमी होतो, एवढेच.

शहरासाठी मला विचाराल तर पाण्याने थंड होणारा इंटरकूलर सर्वांत शहाणपणाचा. फोक्सवॅगनच्या १.४ टीएसआयमध्ये तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. हवेचा मार्ग अगदी आखूड, आणि पुढच्या छोट्या रेडिएटरमधून पंप पाणी फिरवत असल्याने गर्दीतही तापमान एकदम उसळत नाही. तो बाहेरून बसवून घेणे मात्र खर्चिक आणि किचकट आहे.

म्हणून मूळ जागा बदलू नका. आधी होज (रबरी नळ्या) आणि क्लॅम्प तपासा, कोअरमध्ये साचलेले तेल धुऊन घ्या, फिन्समधला चिखल काढा. तरीही मोठा कोअर घ्यायचाच असेल, तर हवा त्यात शिरण्याआधीचा आणि बाहेर पडल्यानंतरचा दाब मोजून घ्या. घट एक-दीड पीएसआयच्या (सुमारे ०.०७ ते ०.१ बारच्या) वर गेली तर टर्बोला उगाच जास्त राबावे लागते. आपण दर आठवड्याला खंडाळ्याचा घाट पूर्ण बूस्टवर चढत असाल, तर बंपरमागचा मोठा कोअर योग्यच ठरेल, हे मला मान्य आहे. वॉरंटीतल्या गाडीला मात्र हात लावण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारा. गॅरेजवाला ‘मोठा म्हणजे थंड’ एवढेच म्हणत असेल, तर बाजूच्या फटी कशाने बुजवणार, हे त्याला विचारा.