आधी ऊन अडवा, मग यंत्र घ्या: इमारती आणि बदलत्या हवामानाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांचे सरळ दोन ढीग पडले: उकाड्याचे आणि पाण्याचे. बहुतेकांनी ‘काय विकत घेऊ?’ असं विचारलंय. माझ्या उत्तरांत खरेदी बरीच उशिरा येते, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न: आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. रात्री दहा वाजतासुद्धा छत हाताला गरम लागतं. कुणी गच्चीला पांढरा रंग द्या म्हणतं, कुणी बाग करा, कुणी सरळ एसी लावा. आधी काय करावं?

आधी रंग. काळपट पडलेलं काँक्रीट किंवा डांबरी वॉटरप्रूफिंग अंगावर पडलेल्या उन्हाचा बहुतेक भाग शोषून घेतं. चांगला पांढरा थर नवा असताना त्यातला ७० ते ८० टक्के भाग परत फेकतो. भर दुपारी या दोन पृष्ठभागांच्या तापमानात २५ ते ३० अंशांचा फरक पडू शकतो. खोली मात्र तेवढी थंड होत नाही, तिथे दोन-चार अंशांचाच फरक मिळतो. विक्रेता तुम्हाला पहिला आकडा सांगेल, तुम्ही दुसरा लक्षात ठेवा. झोप लागण्यासाठी तो पुष्कळ आहे.

रात्री दहाला छत गरम का, तर काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता पोटात घेत राहतो आणि ती खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. दुपारी गच्चीवर पडलेलं ऊन तुमच्या वाट्याला झोपायच्या वेळी येतं. म्हणूनच संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून फारसं काही साधत नाही, उष्णता तोवर आत शिरलेली असते.

रंग घेताना दोन गुण विचारा: ऊन किती परत फेकतो आणि शोषलेली उष्णता किती सहज बाहेर सोडतो. नवा चकचकीत पत्रा पहिल्या परीक्षेत पास होतो, दुसऱ्या परीक्षेत नापास, म्हणून तो चमकतोही आणि हातही भाजतो. भिंतीचा साधा डिस्टेंपर गच्चीवर मारू नका, पहिल्याच पावसात तो पन्हळीतून वाहून जाईल. रंगाआधी शेवाळ खरवडा, भेगा भरा, पाणी साचणारे खड्डे सारखे करा. दर उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुवा, कारण धुळीचा थर बसला की पांढऱ्याची करामत बरीच कमी होते. शेजारची इमारत तुमच्यापेक्षा उंच असेल तर तिच्या खिडक्यांत चमक जाईल, त्यांच्याशी आधी बोलून घ्या. आणि जिथे हिवाळा लांब आणि कडक असतो, तिथे पांढऱ्या छतापेक्षा छताखाली उष्णतारोधक थर घालणं जास्त शहाणपणाचं.

बागेचं म्हणाल तर प्रश्न वजनाचा आहे. दहा सेंटीमीटर जाडीची माती पावसात भिजली की दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो भरते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी बऱ्याच इमारतींत एकूण हिशेबच दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास धरलेला असतो. म्हणजे माणसं, टाक्या, खुर्च्या सगळं बाजूला ठेवलं तरी नुसत्या मातीनेच तो संपतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने आराखडे पाहून लेखी होकार दिल्याशिवाय गच्चीभर माती टाकू नका. तुळयांवर, कडेकडेने हलक्या मिश्रणाच्या कुंड्या ठेवायला हरकत नाही.

एसीला माझा विरोध नाही. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा हृदयरोगी असेल तर जरूर घ्या. पण छत आणि खिडक्यांचं काम उरकून घ्या, मग लहान यंत्र पुरतं आणि वीज गेली तरी खोली लगेच भट्टी होत नाही. यंत्रात गारवा आणणारा कोणता वायू भरलाय तेही विचारा. आर-४१०ए गळला तर तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट हवा तापवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट. २०१६ च्या किगाली करारानंतर जग अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करतंय. दुरुस्तीवाला ‘जुना गॅस सोडून देतो’ म्हणाला तर त्याला थांबवा, तो सिलिंडरमध्ये काढून घेता येतो.

प्रश्न: पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे लावले, तरी संध्याकाळी खोलीत बसवत नाही. वर छज्जाही आहे.

पडदा चुकीच्या बाजूला आहे. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला. आता ती उष्णता काचेबाहेर सहज जात नाही. अडवायचं तर काचेच्या बाहेरच: उभ्या फळ्या, बाहेरून सोडलेला पडदा, वेल चढवलेली जाळी. आडवा छज्जा उंचावरच्या सूर्यासाठी असतो. मावळतीचा सूर्य त्याच्या खालून सरळ आत येतो, त्याला उभा आडोसाच लागतो.

खिडकी केव्हा उघडायची याचा एक साधा नियम आहे: बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हा. एक थर्मामीटर आत आणि एक बाहेर सावलीत टांगा. आठवड्याभरात तुमच्या घराची वेळ तुम्हाला कळेल आणि बहुधा ती तुमच्या सवयीपेक्षा वेगळी निघेल. दिवसा वाऱ्याच्या आशेने खिडक्या सताड उघड्या ठेवणारे अनेक जण घरात उष्णताच भरत असतात.

प्रश्न: सोसायटीच्या तळघरात आता दरवर्षी पाणी शिरतं. मोठा उपसा पंप घ्यायचा ठराव झालाय. कोणता घ्यावा?

ठराव थोडा थांबवा. उपसलेलं पाणी टाकणार कुठे? रस्त्यावरचं गटार त्या वेळी तुडुंब असतं, पंपाने फेकलेलं पाणी वळसा घालून पुन्हा तुमच्याच उतारावरून आत येतं. असे पंप मी रात्रभर त्याच पाण्याला फेऱ्या मारायला लावताना पाहिलेत.

हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे सरी कमी वेळात जास्त कोसळतात आणि जुन्या मापाच्या नळ्या अपुऱ्या पडतात. हिशेब घरबसल्या करता येतो: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचा भूखंड १,००० चौरस मीटरचा असेल आणि तासात ६० मिलिमीटर पडला तर ६०,००० लिटर पाणी झालं, तेही फक्त तुमच्या हद्दीतलं. शेजारून येणारं वेगळं.

पहिलं काम तळघराच्या उताराच्या तोंडाशी. तिथे रस्त्यापेक्षा उंच असा गाडी चढेल इतपत उंचवटा करा आणि त्यापुढे आडवी जाळीदार चर खणा. मग सांडपाण्याच्या शेवटच्या चेंबरवर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवा. बऱ्याच तळघरांत पाणी दारातून येण्याआधी संडासातून वर येतं, आणि सभासद मात्र दाराकडे वाळूची पोती रचत असतात. त्यानंतर वीजमीटर, मुख्य पॅनेल, जनरेटर आणि पाण्याच्या पंपाचे स्विच तळघरातून वर हलवा. हे खर्चिक आहे आणि सर्वसाधारण सभेत यावरच भांडण होईल, तरी ते रेटाच. २०१२ मध्ये सँडी वादळ न्यूयॉर्कवर आदळलं तेव्हा बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना इंधन पोचवणारे पंप तळघरात होते. ते बुडाले. कर्मचाऱ्यांनी जिन्यात रांग लावून हातोहात इंधन वर चढवलं आणि शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं. तेव्हा नुसता जनरेटर वर नेऊन समाधान मानू नका, त्याची वायर, टाकी आणि पंप कुठे आहेत तेही बघा.

एवढं झाल्यावर पंप घ्या, लहानसा पुरेल.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण पुराच्या पातळीच्या वर आणा. पाणी आत गेलंच असेल तर टाकी पूर्ण उपसून, घासून, क्लोरीन टाकून मगच वापरा. जोराच्या पावसाचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. आणि पाणी चढत असताना गाडी काढायला कुणीही खाली उतरायचं नाही, हे फलकावर लिहून लावा. तळघरात पाणी मिनिटांत चढतं, दाबामुळे दार उघडत नाही, माणसं अशीच जातात.

अंगणातल्या फरशा काढून पाणी जिरवावं का, असंही तुम्ही विचारलंय. माती मुरमाड असेल तर नक्की. चिकण असेल तर ती तासाभरात फारसं पाणी पिणार नाही, तिथे पाणी थोडा वेळ धरून ठेवायला जागा लागते. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस झाला. पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीचा आराखडा केला. त्यात बागा, चौक आणि मैदानं मुद्दाम खोलगट ठेवलीत, एरवी मुलं खेळतात आणि मोठ्या पावसात काही तास तळं होतं. वस्तीतल्या मैदानावर तुम्ही सगळ्या सोसायट्या मिळून असं मागू शकता. एकट्या इमारतीच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

प्रश्न: जुनी इमारत पाडून ‘ग्रीन’ प्रमाणपत्राची नवी बांधली तर हवामानाला मदत होईल ना?

बहुतेक वेळा नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग चुनखडी तापवली की तिच्यातूनच बाहेर पडतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो टळत नाही. तुमच्या जुन्या सांगाड्यासाठी ही किंमत एकदा मोजून झालीय. सांगाडा धोकादायक असेल तर पाडा, त्यासाठी हवामानाचं कारण जोडायची गरज नाही.

प्रश्न: आमची पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. रंग, झडपा, आराखडे परवडत नाहीत. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

पत्र्यावर रंग परवडला तर तोच सर्वांत आधी. नाही तर पत्र्याखाली हवा खेळेल इतकी फट सोडून एक हलकं दुसरं छत बांधा. पण तुमच्या हातात याहून मोठी एक गोष्ट आहे, तिला पैसे लागत नाहीत.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत पाच दिवसांच्या उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसं गेली, त्यात एकटे राहणारे वृद्ध फार होते. शहराच्या उत्तर आणि दक्षिण लॉनडेल या दोन वस्त्या एकमेकींना लागून, दोन्ही गरीब. तरी दक्षिणेकडे मृत्यू कितीतरी कमी झाले. तिथे रस्ते गजबजलेले होते, म्हातारी माणसं खाली उतरत होती. उत्तरेकडे ओस पडलेल्या गल्ल्या, भीतीने बंद केलेली दारं. अहमदाबादेत मे २०१० मध्ये १,३०० हून अधिक जादा मृत्यू झाले, त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला: आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, वस्त्यांत माहिती.

तुमचा आराखडा एका वहीत मावेल. कोण एकटं राहतं, कुणाला हृदयाची, लघवी वाढवणारी किंवा मानसिक आजाराची औषधं चालू आहेत (यांतल्या काहींमुळे उष्णतेचा त्रास वाढतो, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही), आणि लाटेच्या दिवसांत दोनदा त्यांचं दार कोण ठोठावणार. ठोठावणाऱ्याचं नाव लिहाच. ‘सगळे मिळून बघू’ असं ठरलं की कुणीच बघत नाही. शाळा किंवा समाजमंदिराची सर्वांत गार खोली रात्रीसाठी उघडून घ्या, तिची किल्ली कुणाकडे तेही वहीत लिहा. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम वारा मारतो, तेव्हा ओलं फडकं आणि पाणी. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर रुग्णवाहिका बोलवा, पण नुसती वाट बघत बसू नका, ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला.

वादळाच्या किनाऱ्यावरही हेच चालतं. आजच्या बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक लोक गेले. पुढे गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, इशारा घरोघर पोचू लागला आणि खांबांवर उंच उचललेली निवारागृहं बांधली गेली. त्यांतल्या बऱ्याच इमारती एरवी शाळा म्हणून रोज वापरात असतात, म्हणून संकटात त्यांचं कुलूप गंजलेलं नसतं. २०२० च्या अंफान चक्रीवादळात त्या देशातले मृत्यू काही डझनांवर आले होते.

प्रश्न: गच्चीवर सौर पॅनेल आहेत, तरी वीज गेली की अंधार. फसवणूक झाली का?

नाही. बाहेरची वीज गेली की साधा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज बाहेरच्या तारांशी जोडणारं यंत्र) मुद्दाम बंद होतो, नाहीतर तारांवर काम करणाऱ्या कामगाराला तुमच्या गच्चीवरून झटका बसेल. अंधारातही वीज हवी तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या तारांपासून वेगळा होऊन बॅटरीवर चालणारा, लागतो. त्यावर काय चालवायचं ते आधी ठरवा: जिन्यातले दिवे, पिण्याच्या पाण्याचा पंप, कुणाचं ऑक्सिजनचं यंत्र. लिफ्ट त्यात धरली की बॅटरीचा खर्च एकदम वर जातो.